प्रकल्प नोंदी: जेली रोल मॉर्टन, रिचमंड 1923–24

2 ऑगस्ट

काका संध्याकाळी पेन ड्राइव्ह देऊन गेले. अमेरिकन जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने जेनेट या रेकॉर्ड कंपनीसाठी एकट्याने वाजवलेल्या पियानोच्या तबकड्या, त्यांच्या परदेशातल्या संग्राहक मित्राने फाइलींत उतरवलेल्या. 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ, इक्वलायझर अजिबात न लावता. काही बाजूंच्या दोन प्रती आहेत. त्यामुळे एका तबकडीवर ओरखडा असेल तिथे दुसरीवरून तेवढा तुकडा घेता येईल.

दिवाळीनंतर आमच्या श्रवणमंडळाच्या बैठकीत दोन तास फक्त हीच ध्वनिमुद्रणं ऐकायची, असं ठरलं आहे. मंडळी बहुतेक नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणारी. जुन्या तबकडीची खरखर त्यांना नवी नाही, जॅझ मात्र नवा आहे. त्यामुळे माझ्याकडे तीन कामं: वेग बरोबर करणं, जरुरीपुरती सफाई, आणि प्रत्येक बाजूसाठी मराठीत टिपण.

निघताना काका म्हणाले, "अहो, गोंगाट जाईल हो, पण त्याचा डावा हात राहिला पाहिजे. तो गेला तर काय ऐकवणार तुम्ही?" अगदी खरं आहे. मॉर्टन पियानोवर अख्खा बँड मांडतो, आणि त्या बँडचा निम्मा भाग डाव्या हातात आहे.

5 ऑगस्ट

टिपणासाठी आधी पक्क्या गोष्टी लिहून काढल्या.

मूळ नाव फर्डिनंड जोसेफ लामोथ, न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र वंशाच्या समाजातला. जन्मसाल तो स्वतः 1885 सांगायचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून अभ्यासक 1890 धरतात. पोरवयातच शहराच्या स्टोरीव्हिल भागातल्या कोठ्यांवर पियानो वाजवू लागला, मग गावोगाव भटकला. 1917 नंतरची काही वर्षं लॉस एंजेलिस आणि पश्चिम किनाऱ्यावर काढली आणि 1923 मध्ये शिकागोला आला. तिथे मेलरोज बंधूंचं संगीताचं दुकान होतं. ते त्याच्या रचना छापू लागले, आणि त्याच उन्हाळ्यात तो ध्वनिमुद्रणाला उभा राहिला.

17 आणि 18 जुलै 1923, रिचमंड, इंडियाना. दोन दिवसांत सहा सोलो: 'किंग पोर्टर स्टॉम्प', 'न्यू ऑर्लिन्स जॉइज', 'ग्रँडपाज स्पेल्स', 'कॅन्सस सिटी स्टॉम्प', 'वूल्व्हरिन ब्लूज' आणि 'द पर्ल्स'. सगळ्या त्याच्याच रचना. पुढच्या वर्षी 9 जून 1924 ला तो पुन्हा त्याच स्टुडिओत गेला आणि एका दिवसात आणखी बऱ्याच बाजू वाजवून आला.

म्हणजे पहिली सोलो तबकडी काढताना तो तिशी ओलांडलेला, मुरलेला वादक होता. रचना कितीतरी वर्षं हातात घोळलेल्या. या तबकड्यांत कुठेही चाचपडणं ऐकू येत नाही, त्याचं कारण हेच असावं.

9 ऑगस्ट

फाइली उघडल्या. खोबणी बाजूच्या हालचालीने कोरलेली आहे, म्हणजे सुई डावीउजवीकडे हलते तेवढंच संगीत. वरखाली जे काही हलतं तो निव्वळ गोंगाट. त्यामुळे पहिलं काम सोपं होतं. स्टिरिओच्या दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केलं की वरखालीचा बराचसा आवाज आपोआप एकमेकाला कापतो. काही ठिकाणी खोबणीची एक भिंत जास्त झिजलेली आहे. तिथे दुसऱ्या भिंतीचाच आवाज घेतला.

इक्वलायझर नाही हे उत्तम झालं. 1923 चं हे ध्वनिमुद्रण विजेचं नाही. मायक्रोफोन नाही, ॲम्प्लिफायर नाही. पियानोसमोर मोठा कर्णा, कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि ती सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर कोरत जाते. आपल्याकडे गौहरजानने 1902 मध्ये कलकत्त्यात गायलं ते याच रीतीने. पुढे एलपीच्या जमान्यात आलेला इक्वलायझेशनचा कर्व्ह अशा तबकडीला लावला की खर्ज उगाच फुगतो आणि वरचे सूर दबतात.

कर्णा काय पकडत नाही हे मंडळींना सांगायला हवं. अगदी खालचा खर्ज जवळजवळ नाहीच. वरची चकाकीही नाही. मधला पट्टा मात्र अंगावर येईल इतका समोर असतो.

16 ऑगस्ट

आज दिवसभर वेगच.

तबकडीला 78 म्हणायचं, म्हणजे मिनिटाला 78 फेरे, ते सवयीने. त्या काळात प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक दिवसाचा वेग थोडा वेगळा असे. चकती फिरवायला वजन टांगलेलं असायचं. ते हळूहळू खाली उतरायचं आणि गव्हर्नर नावाचा यंत्राचा भाग त्याची गती आवरायचा. आज आपण सरसकट 78 ने वाजवलं तर सूरही चुकतो आणि लयही.

सूर ठरवायचा कसा? आपल्या जुन्या गायकांच्या तबकड्यांत आम्ही साथीची पेटी पकडतो. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, गायक काळी एकमध्ये गायचा की काळी दोनमध्ये हे माहीत असलं की वेग सापडतो. इथे वाद्यच पियानो आणि रचना छापलेली. मेलरोजने 1924 मध्ये 'किंग पोर्टर स्टॉम्प'ची स्वरलिपी काढली, त्यात सुरुवात ए फ्लॅटमध्ये, म्हणजे आपली काळी चार. माझ्या एका फाइलीत ती काळी चार आणि पांढरी सहा यांच्या बरोबर मध्ये वाजते आहे. अर्ध्या स्वराचा निम्मा फरक म्हणजे सुमारे 3 टक्के. 78 चे 76 च्या थोडं खाली केले की सूर काळी चारवर बसतो. पूर्ण अर्धा स्वर चढला असता तर 73.6 पर्यंत उतरावं लागलं असतं.

यात एक पेच आहे. त्या काळी पियानोची पांढरी सहा 440 हर्ट्झला लावायची की 435 ला, याचा सगळीकडे एकच नियम नव्हता. या दोघांत 20 सेंटचा (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) फरक पडतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक फेरा. एवढ्याने कानाला रचना बदललेली वाटत नाही. मी 440 धरलं आणि टिपणात तसं लिहून ठेवलं.

वेग उतरवल्यावर जो फरक पडला तो लिहायलाच हवा. आधी उजव्या हाताच्या जलद जागा घाईच्या वाटत होत्या. आता प्रत्येक स्वराला वजन आलं आहे. मॉर्टनला लय पळवायची नसते, झुलवायची असते. बऱ्याच जणांनी इंटरनेटवर ऐकलेला चढा मॉर्टन या वादकावर अन्याय करतो.

17 ऑगस्ट

बाकीच्या बाजूंचे सूर लावून घेतले. 'ग्रँडपाज स्पेल्स' पांढरी एक, 'द पर्ल्स' पांढरी पाच, 'कॅन्सस सिटी स्टॉम्प' काळी दोन, 'न्यू ऑर्लिन्स जॉइज' काळी पाच.

एक गोष्ट पेटीवर वाजवून बघताना फार आवडली. 'किंग पोर्टर' काळी चारमध्ये सुरू होऊन मध्यावर काळी एकमध्ये जातं. 'ग्रँडपाज स्पेल्स' पांढरी एकवरून पांढरी चारवर, 'द पर्ल्स' पांढरी पाचवरून पांढरी एकवर. प्रत्येक वेळी मध्यमाला षड्ज करून नवा भाग उघडतो. ठुमरी-भजनात आपले गायक मध्यमाला सा मानून गातात, तेव्हा गाण्याचा जो पोत बदलतो, तो आमच्या मंडळींच्या कानात पक्का आहे. रॅगटाइममध्ये, म्हणजे जॅझपूर्वीच्या पियानोशैलीत, ही पद्धत आधीपासून होती, लष्करी बँडच्या मार्चमधून आलेली. त्या उत्तरार्धाला ट्रिओ म्हणतात. बैठकीत पेटी ठेवायची आणि हे सूर आधी वाजवून दाखवायचे.

24 ऑगस्ट

रिचमंडबद्दल लिहिलं.

जेनेट हा स्टार पियानो कंपनीचा रेकॉर्डचा छाप. कारखाना व्हाइटवॉटर नदीच्या घळीत, स्टुडिओ त्याच आवारात आणि शेजारून आगगाडीचा रूळ. गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवायचं. भिंतींत आवाज अडवायला लाकडाचा भुसा भरलेला, आत पडदे आणि गालिचे. मेण मऊ राहावं म्हणून खोली गरम ठेवायची, आणि महिना जुलैचा, तिकडचा ऐन उन्हाळा. या खोलीत त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा बँड वाजवून गेला होता, तरुण लुई आर्मस्ट्राँगच्या पहिल्या तबकड्या त्याच. एवढ्या लहान कंपनीकडे ही माणसं का आली, तर बड्या कंपन्यांनी त्यांना तोवर फारसं विचारलं नव्हतं म्हणून. शिवाय बाजूच्या हालचालीने खोबणी कोरण्याच्या पेटंटवरून व्हिक्टर कंपनीने स्टारवर खटला भरला होता, तो स्टारने जिंकला. लहान कंपन्यांना त्यामुळे वाट मोकळी झाली.

त्याच दोन दिवसांत मॉर्टन न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज या गोऱ्या बँडबरोबरही वाजवला. पॉल मेअर्स, लिऑन रोपोलो, जॉर्ज ब्रुनीस ही त्यातली नावं. 'मिस्टर जेली लॉर्ड', 'लंडन ब्लूज' आणि 'मिलेनबर्ग जॉइज' या बाजूंवर पियानो त्याचा आहे. गोरे आणि क्रिओल वादक एकत्र बसून वाजवलेल्या जॅझच्या अगदी पहिल्या तबकड्यांत यांची गणना होते. हॉटेलात जागा मिळावी म्हणून मॉर्टन क्यूबाचा असल्याचं सांगितलं गेलं, अशी कथा प्रसिद्ध आहे. इंडियानात त्या वर्षांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा जोर होता, आणि पैसे मोजणाऱ्या क्लॅनच्या लोकांच्या तबकड्याही याच कारखान्यात छापल्या गेल्या. मंडळींना हे सांगणार आहे. हे संगीत कोणत्या हवेत वाजलं ते कळल्याशिवाय त्या वाजवण्यातला ताठ कणा ऐकू येणार नाही.

31 ऑगस्ट

'किंग पोर्टर स्टॉम्प', 1923. आज फक्त ऐकलं आणि लिहिलं.

नाव पोर्टर किंग या पियानोवादकाच्या आदरापोटी. पहिल्या दोन भागांत हात रॅगटाइमच्या जवळ आहेत, डावा खर्ज आणि कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) यांत ये-जा करतो. पण तो एका चालीत अडकून राहत नाही. मध्येच अष्टकात धावत खाली येतो, अगदी ट्रॉम्बोनवाला सरकत यावा तसा. मॉर्टनने 1938 मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यासमोर तासन्‌तास वाजवून आणि बोलून जे सांगितलं, त्यात हाच मुद्दा आहे: पियानोवाल्याने बँडची नक्कल केली पाहिजे, तरच जॅझ होतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या या तबकडीत तो तेच करून बसला आहे. उजव्या हातात कॉर्नेट आणि क्लॅरिनेट, डाव्यात ट्रॉम्बोन आणि तालाची मंडळी.

मध्यम सा झाला की रचना मोकळी होते. शेवटच्या भागात तोच लहान तुकडा पुन्हा पुन्हा ठोकत, दर फेरीला थोडा बदलत तो चढत जातो. हाच भाग पुढे मोठ्या बँडांनी उचलला. फ्लेचर हेंडरसन या बँडप्रमुखाने केलेली मांडणी बेनी गुडमनने आपल्या बँडसह 1935 मध्ये तबकडीवर आणली आणि ती प्रचंड गाजली.

तंत्राच्या बाजूने इथेच अडचण आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, पण आत जाताना खोबणीचा घेर लहान होत जातो. सुईखालून सरकणारी लांबी शेवटाकडे सुरुवातीच्या निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे वरचे सूर तिथे आधीच बोथट, आणि जुन्या जड पोलादी सुयांनी झीजही तिथेच जास्त. मॉर्टनची सगळी चढण नेमकी त्या आतल्या खोबणीत आहे. दोन प्रतींपैकी जी बाहेरच्या बाजूला जास्त खराब आहे तिचा शेवट चांगला निघाला. जोड ट्रिओच्या सुरुवातीला घालणार.

7 सप्टेंबर

'न्यू ऑर्लिन्स जॉइज'. तबलेवाले मित्र आले होते. या बाजूसाठी त्यांना मुद्दाम बोलावलं.

रचना बारा बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) ब्लूजची, पण डावा हात हाबानेरा या क्यूबाच्या नाचाच्या ठेक्याचा. आठ मात्रा धरल्या तर खर्ज पहिली, चौथी, पाचवी आणि सातवी यांवर पडतो. पाचवी गाळली तर उरतं तीन-तीन-दोन. मित्रांनी ऐकलं आणि केहेरवा धरून तीच वजनं डग्ग्यावर काढली. "काही वेगळं नाही, फक्त चौथीला झोका आहे," असं म्हणून वाजवत राहिले. मॉर्टन या डाव्या हाताला स्पॅनिश रंग म्हणायचा, आणि तो नसेल तर जॅझला खरी चव येत नाही असं त्याचं मत होतं. न्यू ऑर्लिन्स हे बंदर, हवानाशी रोजची ये-जा. त्याच्या कानात हे लहानपणापासून असणार.

नंतरच्या आवर्तनांत एका जागी फाइल थांबवून आम्ही तेवढंच कितीतरी वेळ ऐकलं. डावा हात आपल्या चार वजनांवर पक्का. उजवा मात्र त्यापासून सुटतो. स्वर मात्रेवर पडत नाहीत, मात्रेच्या मागे रेंगाळतात. वाटतं की आता दोन्ही हात वेगळे झाले, आणि आवर्तनाच्या शेवटी तो सहज येऊन मिळतो. मित्र टाळी देत मोजत होते. त्यांची टाळी डाव्या हाताबरोबर राहिली, मान उजव्याबरोबर हलत होती. ख्याल ऐकणाऱ्याला लयीशी हा खेळ शिकवावा लागत नाही. बैठकीत ही बाजू आधी तबल्यासह समजावून मग वाजवायची, असं त्यांच्याशी बोलून ठरवलं.

14 सप्टेंबर

सफाई. तडतड हाताने काढली, एकेक टिचकी स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, बघून. जेनेटच्या तबकड्यांचा पृष्ठभाग खरखरीत म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे सतत चालणारी सूंसूं भरपूर.

ती कमी करणारी आपोआप चालणारी यंत्रणा लावून पाहिली. थोडी लावली तर बरं. जास्त लावली की पियानोचे स्वर सुटे होऊन पाण्यात बुडल्यासारखे होतात, आणि पहिला बळी डाव्या हाताचा. कर्ण्याने खर्जाचा मूळ सूर पकडलेलाच नसतो, कान त्याच्या वरच्या उपस्वरांवरून तो ओळखतो. ते उपस्वर बारीक असतात आणि सूंसूंमध्ये मिसळलेले. गोंगाट म्हणून ते काढले की कानाला खर्ज सापडत नाही. म्हणून ठरवलं: टिचक्या काढायच्या, सूंसूं जवळपास तशीच ठेवायची. सुरुवातीचं अर्धं मिनिट ती जाणवेल, मग कान ती सोडून देतो.

एका मंडळ-सदस्याने आग्रहाने विचारलं, "आजच्या रेकॉर्डसारखं स्वच्छ का नाही करत?" त्यांना दोन्ही फाइली पाठवल्या. उत्तर आलं, "तुमचीच ठेवा, त्यात माणूस वाजवतोय."

21 सप्टेंबर

'ग्रँडपाज स्पेल्स'मध्ये ट्रिओच्या भागात डावा हात खर्जाच्या पट्ट्यांवर सरळ थाप मारतो, कितीतरी पट्ट्या एकदम. छापील स्वरलिपीत तिथे क्रॅश असं लिहिलेलं आहे. कर्ण्यातून ती थाप नुसता धप्प आवाज होऊन येते. इथे टिचक्या काढणारी यंत्रणा बंदच ठेवली.

'कॅन्सस सिटी स्टॉम्प' आणि 'द पर्ल्स' या दोन्हींचा उगम मेक्सिकोतल्या टिहुआनाचा. कॅन्सस सिटी नावाचा तिथला दारूचा बार, आणि 'द पर्ल्स' तिथल्या एका वेट्रेससाठी रचलेली, असं मॉर्टनने स्वतः सांगितलं आहे. 'द पर्ल्स' या सगळ्यांत मला सर्वांत पूर्ण रचना वाटते. भाग अनेक, पण एकातून दुसरा असा निघतो की सांधा दिसत नाही. याच बाजूवर ब्रेकही छान ऐकू येतात. दोन बार सगळं थांबतं, एकटा उजवा हात बोलतो, आणि डावा बरोबर समेवर परत येतो. ब्रेकशिवाय जॅझ नाही, हेही मॉर्टनचंच म्हणणं.

28 सप्टेंबर

1924 च्या बाजू. 'टिया हुआना', 'श्रीव्हपोर्ट स्टॉम्प', 'जेली रोल ब्लूज', 'स्ट्रॅटफर्ड हंच', 'परफेक्ट रॅग'. आवाज थोडा बरा आहे. हात अधिक सैल, बेधडक. 'जेली रोल ब्लूज' 1915 मध्येच छापून आलेली होती, नऊ वर्षांनी तो ती स्वतः तबकडीवर वाजवतो आहे. 'स्ट्रॅटफर्ड हंच' पुढे 'शिकागो ब्रेकडाउन' या नावाने 1927 मध्ये आर्मस्ट्राँगने बँडसह वाजवली. मूळ पियानो ऐकलं की बँडचे आवाज त्यात आधीपासून बसलेले दिसतात. बैठकीत 'श्रीव्हपोर्ट' आणि 'स्ट्रॅटफर्ड हंच' एवढ्याच घेणार, वेळ नाही.

5 ऑक्टोबर

'किंग पोर्टर'ची 1926 ची, व्होकॅलियन कंपनीची तबकडी शेजारी ठेवून ऐकली. ती विजेच्या पद्धतीची. खर्ज आला, खोली आली, पियानो एकदम शरीराचा वाटतो. रचनेचा सांगाडा मात्र तोच, ब्रेक जवळपास त्याच जागी. 1939 मध्ये, शेवटच्या आजारपणाच्या काळात, त्याने ती पुन्हा वाजवली, तीही घेतली आहे. सोळा वर्षांत दागिने बदलतात, बंदिश तीच राहते. मॉर्टन ऐनवेळी सुचेल ते वाजवत होता असं मानणाऱ्यांसाठी या तीन बाजू पुरे आहेत.

1938 मध्ये एका मासिकात छापून आलेल्या पत्रात त्याने जॅझ आपणच 1902 मध्ये निर्माण केला असा दावा केला, आणि त्यासाठी तो पुष्कळ टीकेचा धनी झाला. एवढा मोठा दावा कुणा एकाचा असू शकत नाही. पण ज्याची रचना वाजवून देशभरातले बँड मोठे होत होते आणि जो स्वतः मागे पडला होता, त्याचा तो आवाज आहे. ॲस्कॅप या रचनाकारांच्या संस्थेने त्याला 1939 मध्ये सभासद करून घेतलं. 10 जुलै 1941 ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

हक्कांचं तपासलं. 1923 मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणं अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून खुली झाली, 1924 ची त्यानंतर एका वर्षाने. आपल्याकडची साठ वर्षं केव्हाच उलटली आहेत. तयार फाइली मंडळींना घरी द्यायला हरकत नाही.

12 ऑक्टोबर

क्रम ठरला. आधी पेटीवर मध्यमाचा षड्ज, मग 'ग्रँडपाज स्पेल्स' आणि 'द पर्ल्स'. मग तबल्यावर तीन-तीन-दोन आणि 'न्यू ऑर्लिन्स जॉइज'. चहानंतर ऱ्हिदम किंग्जबरोबरचं 'मिस्टर जेली लॉर्ड' आणि रिचमंडची हकिकत. मग 1924 च्या दोन बाजू. शेवटी 'किंग पोर्टर' तिन्ही सालांतलं, मध्ये न बोलता.

उरलेलं काम: 'द पर्ल्स'च्या दुसऱ्या मिनिटातला लांब ओरखडा, टिपणांच्या छापील प्रती, आणि काकांच्या मोठ्या स्पीकरवर सगळं एकदा ऐकून बघणं. छोट्या स्पीकरवर डावा हात पुरेसा येत नाही.